पुरेसा क्लच : स्पोर्ट्स कारसाठी बदली क्लच निवडताना

स्पोर्ट्स कारचा क्लच बदलण्याची वेळ आली की मालकाच्या मनात पहिला प्रश्न येतो तो 'किती मजबूत बसवावा' हा, आणि सुट्या भागांच्या याद्याही याच प्रश्नाला उत्तर देतील अशा बेताने मांडलेल्या असतात. परंतु क्लचची मजबुती हा गुण एका मर्यादेपर्यंतच गुण ठरतो. ती मर्यादा ओलांडली की त्याची किंमत चालकाच्या पायाला, गिअरबॉक्सला आणि गाडीच्या रोजच्या वापराला मोजावी लागते. म्हणून इंजिनाचा जोर न घसरता पेलू शकणारे जेवढे क्लच उपलब्ध असतील, त्यांतला सर्वांत सौम्य कोणता, असा प्रश्न करणे अधिक हिताचे असते. या लेखात त्या प्रश्नाचे उत्तर काढण्याची रीत सांगितली असून उदाहरणासाठी मुख्यतः माझदा एमएक्स-५ ही १९८९ साली शिकागोच्या मोटार प्रदर्शनात प्रथम दिसलेली दोन आसनी गाडी आणि पोर्शे ९११ या दोन गाड्या घेतल्या आहेत.

क्लचची रचना नजरेसमोर असली की पुढचे बरेच निर्णय सोपे होतात. क्रँकशाफ्टला बोल्टांनी जखडलेले जड चाक म्हणजे फ्लायव्हील. त्यावर बसणारे आणि त्याच्याबरोबर सदैव फिरणारे झाकण म्हणजे प्रेशर प्लेटचे कव्हर. आणि या दोहोंच्या मध्ये, गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टवरील लांबट खाचांवर मागेपुढे सरकेल अशी बसवलेली, दोन्ही अंगांना घर्षणाचे अस्तर असलेली तबकडी म्हणजे क्लच प्लेट. कव्हरच्या आत डायफ्राम स्प्रिंग असते, ही बशीसारखी वाकवलेली आणि मध्याकडे पाकळ्या कापलेली पोलादी चकती असून ती प्रेशर प्लेटला फ्लायव्हीलकडे रेटून धरते, त्यामुळे क्लच प्लेट दोघांच्या चिमट्यात सापडते आणि इंजिनाबरोबर फिरू लागते. पेडल दाबल्यावर रिलीज बेअरिंग पाकळ्यांची टोके आत ढकलते, चकती उलट्या बाजूने कलते आणि चिमटा सैलावतो. डायफ्राम स्प्रिंगची एक लकब ध्यानात ठेवण्याजोगी आहे : अस्तर झिजत जाते तसा तिचा दाब आधी थोडा वाढतो आणि अगदी शेवटी घटतो, म्हणून वर्षानुवर्षे बिनतक्रार चाललेला क्लच एखाद्या आठवड्यात एकाएकी खचल्यासारखा वाटतो.

खरेदीपूर्वी दोष खरोखर क्लचचाच आहे का, हे तपासणे अगत्याचे असते, कारण क्लच बदलण्याच्या खर्चात भागांपेक्षा गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी अनेकदा भारी पडते, आणि एअर-कूल्ड ९११ सारख्या गाडीत तर इंजिन व गिअरबॉक्स बहुधा एकत्रच खाली घ्यावे लागतात. घसरण ओळखण्यासाठी मोकळ्या सपाट रस्त्यावर गाडी चौथ्या गिअरमध्ये मिनिटाला सुमारे २,००० फेऱ्यांवर आणून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबावा. वेगाच्या मानाने इंजिनाच्या फेऱ्या एकदम चढल्या तर क्लच घसरतो आहे. याउलट, पेडल पूर्ण दाबून काही सेकंद थांबल्यावरही रिव्हर्स गिअर खरखरत पडत असेल तर क्लच पुरता सुटत नाही, आणि त्याचे कारण प्लेटपेक्षा हायड्रॉलिक व्यवस्थेत, म्हणजे पेडलाचा जोर तेलाच्या दाबाने पोहोचवणाऱ्या मास्टर व स्लेव्ह सिलिंडरमध्ये, असण्याची शक्यता अधिक असते. एमएक्स-५ मध्ये हा स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या बाहेर बसवलेला असल्याने त्याची दुरुस्ती तुलनेने अल्प खर्चात होते. ती न करता सगळा क्लच उतरवणे म्हणजे नळाचा वॉशर गेला म्हणून भिंत फोडण्यासारखे आहे. पेडल दाबल्यावर आवाज येत असल्यास संशय रिलीज बेअरिंगवर घ्यावा, आणि न्यूट्रलमध्ये पेडल सोडल्यावर आवाज येऊन दाबल्यावर थांबत असल्यास गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर. घसरणाऱ्या प्लेटवर तेल आढळले तर क्रँकशाफ्टचे मागचे ऑइल सील किंवा इनपुट शाफ्टचे सील गळत असते. ते तसेच ठेवून बसवलेला क्लच कितीही महागडा असला तरी तोही त्याच वाटेने जातो.

दोष क्लचचाच आहे हे निश्चित झाल्यावर पहिला हिशेब टॉर्कचा करावा. टॉर्क म्हणजे इंजिन क्रँकशाफ्टला देत असलेला पीळ, तर अश्वशक्ती हा पीळ आणि फेऱ्यांची गती यांच्या गुणाकारातून निघणारा आकडा. क्लचवर भार पडतो तो पिळाचा. हा भेद किती महत्त्वाचा आहे हे दोन गाड्या शेजारी ठेवल्या की दिसते. होंडा एस२००० चे मूळ दोन लिटरचे इंजिन सुमारे २४० अश्वशक्तीचे होते, पण ते अतिशय जलद फिरून ती शक्ती देत असल्यामुळे त्याचा कमाल टॉर्क केवळ २०८ न्यूटन-मीटरच्या आसपास होता. ऑडी टीटीच्या दुसऱ्या पिढीतील दोन लिटरच्या टर्बो इंजिनाची शक्ती २०० अश्वशक्ती, म्हणजे एस२००० पेक्षा कमी, परंतु टॉर्क मात्र २८० न्यूटन-मीटर. अश्वशक्तीचा आकडा पाहून क्लच निवडणारा मनुष्य या दोन गाड्यांत नेमका उलटा निर्णय घेईल. टर्बो असलेल्या किंवा इंजिनाच्या संगणकाचे ट्यूनिंग बदललेल्या गाडीत हा धोका विशेष असतो, कारण तेथे टॉर्क कमी फेऱ्यांवरच भरभरून मिळू लागतो. त्यातही डायनोवर, म्हणजे शक्तिमापन यंत्रावर, चाकांपाशी मोजलेला आकडा क्लचपाशी येणाऱ्या आकड्यापेक्षा कमी असतो, कारण वाटेत गिअरबॉक्स व डिफरन्शियल आपला वाटा घेतात. क्लचच्या क्षमतेशी तुलना करताना दोन्ही आकडे एकाच ठिकाणचे आहेत ना, हे पाहावे.

क्लच किती टॉर्क पेलेल याचे गणित चार गोष्टींच्या गुणाकाराचे आहे : घर्षण करणाऱ्या पृष्ठभागांची संख्या, घर्षणगुणांक, प्रेशर प्लेटचा दाब आणि अस्तराची सरासरी त्रिज्या. एका प्लेटला दोन पृष्ठभाग असतात. १.६ लिटरच्या पहिल्या एमएक्स-५ मध्ये क्लच प्लेटचा बाह्य व्यास २०० मिलिमीटर असे आणि इंजिनाचा कमाल टॉर्क सुमारे १३६ न्यूटन-मीटर. गणित समजण्यापुरता अस्तराचा आतील व्यास १३० मिलिमीटर धरला तर सरासरी त्रिज्या साडेब्याऐंशी मिलिमीटर येते. दाब ४,००० न्यूटन, म्हणजे सुमारे ४०० किलो वजनाइतका, आणि घर्षणगुणांक ०.२७ मानल्यास क्षमता १७८ न्यूटन-मीटर निघते, म्हणजे इंजिनाच्या टॉर्कच्या सुमारे १.३ पट. रस्त्यावरच्या गाडीसाठी १.२ ते १.५ पट ही राखीव क्षमता सर्वसाधारणपणे योग्य समजली जाते. ती कशासाठी ठेवायची, हेही याच आकड्यांतून कळते : अस्तर फार तापून त्याचा घर्षणगुणांक ०.२७ वरून ०.२० वर घसरला, तर तीच क्षमता १३२ वर येते, इंजिनाच्या टॉर्कपेक्षा कमी होते, आणि थंड असताना निर्दोष वाटणारा क्लच घाटात दहा मिनिटांनी घसरू लागतो.

क्षमता वाढवण्याचे चार मार्ग या गुणाकारातच दडलेले आहेत, पण चौघांची किंमत सारखी नाही. सर्वांत निरुपद्रवी मार्ग त्रिज्या वाढवण्याचा. एमएक्स-५ च्या १.८ लिटर आवृत्तीची प्लेट २१५ मिलिमीटरची आहे आणि तिच्या फ्लायव्हीलसह ती जुन्या १.६ लिटर इंजिनावर बसते, त्यामुळे अनेक मालक हाच सोपा बदल करतात. मात्र त्याचा लाभ किती, हेही मोजून पाहावे. आतील व्यास १४५ धरल्यास सरासरी त्रिज्या नव्वद मिलिमीटर होते आणि बाकी सारे तसेच ठेवता क्षमता १९४ वर जाते, म्हणजे वाढ केवळ नऊ टक्के. इंजिनात फेरफार न केलेल्या गाडीला ती भरपूर झाली. परंतु त्याच गाडीला टर्बो बसवून टॉर्क २४० न्यूटन-मीटरवर नेला आणि १.३ पट राखीव हवी असेल, तर सुमारे ३१२ न्यूटन-मीटरची क्षमता लागते. ती निव्वळ दाबातून मिळवायची तर ४,००० न्यूटनांऐवजी जवळजवळ ६,४०० न्यूटन लागतात, आणि ही साठ टक्क्यांची वाढ पेडलावर तशीच उतरते. ०.३५ घर्षणगुणांकाचे अस्तर वापरले तर दाब ४,९५० च्या आसपास भागतो, पण क्लच अधिक झटक्याने पकडू लागतो. दोन प्लेटी वापरल्या तर घर्षणपृष्ठ चार होतात आणि ३,२०० न्यूटनच, म्हणजे मूळ गाडीपेक्षाही कमी दाब, पुरतो. फक्त भागांची किंमत, वजन, प्लेटी सुट्या असताना होणारा खुळखुळाट आणि पूर्ण सुटण्यासाठी लागणारी अधिक हालचाल हे सारे सोसावे लागते.

अनेक प्लेटींचा मार्ग शर्यतीच्या जगातून आला. पोर्शे कॅरेरा जीटी या २००३ ते २००६ दरम्यान बनलेल्या गाडीत सिरॅमिक संमिश्राचा दोन प्लेटींचा क्लच होता आणि त्याचा व्यास अवघा १६९ मिलिमीटर होता. छोट्या व्यासामुळे ६१२ अश्वशक्तीचे ते इंजिन जमिनीच्या अधिक जवळ बसवता आले आणि फिरणारे वस्तुमान घटले. पण त्याच कारणाने ती गाडी जागची हलवताना अनुभवी चालकही ती बंद पाडत, अशी तिची ख्याती झाली. शर्यतीत हा व्यवहार परवडतो, कारण तेथे जागची सुरुवात क्वचितच करायची असते. सिग्नलागणिक सुरुवात करणाऱ्या गाडीसाठी तोच क्लच मूर्खपणाचा ठरेल.

दाब वाढवण्याविषयी आणखी काही सांगणे भाग आहे, कारण बाजारातला सर्वांत स्वस्त 'मजबूत' क्लच बहुधा याच वाटेने बनलेला असतो. जड स्प्रिंग दाबण्यासाठी लागणारा जोर पायापाशी संपत नाही. तो मास्टर सिलिंडर, पेडलाचा कंस, रिलीज फोर्क, रिलीज बेअरिंग या सर्वांतून जाऊन अखेर क्रँकशाफ्टला पुढे ढकलतो. क्रँकशाफ्टची ही सरक थोपवणाऱ्या बेअरिंगला थ्रस्ट बेअरिंग म्हणतात, आणि जड क्लच असलेल्या गाडीत सिग्नलवर पेडल दाबून उभे राहण्याची सवय त्याच बेअरिंगला झिजवते. ते बदलण्यासाठी इंजिन खोलावे लागते, हे सांगितल्यावर तरी न्यूट्रलचा उपयोग कळावा.

अस्तराचा विषय सर्वांत अधिक गुंतागुंतीचा असून विक्रेत्यांच्या अतिशयोक्तीला सर्वाधिक वावही येथेच असतो. ज्याला बाजारात 'ऑरगॅनिक' म्हणतात ते अस्तर काचतंतू, ॲरामिड तंतू, पितळ किंवा तांब्याच्या तारा आणि या सगळ्यांना बांधणारे रेझिन यांचे मिश्रण असते. पूर्वी त्यात ॲस्बेस्टॉस असे. ते हळुवार पकडते, फ्लायव्हीलला फारशी इजा करत नाही, आणि एखाद्या वेळी माफक तापले तर थंड झाल्यावर बरेचसे पूर्वपदावर येते. पूर्ण ॲरामिडचे अस्तर, जे केव्हलार या व्यापारी नावाने अधिक ओळखले जाते, सावकाश झिजते आणि पकडही सौम्य देते, परंतु त्याच्या दोन अटी आहेत : सुरुवातीचा बसवणुकीचा काळ लांब असतो आणि तो घाईने उरकला तर पकड कधीच पुरेशी येत नाही; शिवाय ते एकदा खूप तापून पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत झाला की परत सुधारत नाही. ज्याच्या गाडीचा बहुतेक प्रवास शांतपणे होतो आणि ज्याला क्लच दीर्घकाळ टिकवायचा आहे, त्याने ते घ्यावे. वाहतुकीत रांगत जाणाऱ्याने किंवा जोराने गाडी उचलण्याची हौस असणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. तिसरा प्रकार धातू व सिरॅमिक यांची पूड दाबून व भाजून बनवलेल्या ठोकळ्यांचा. हे ठोकळे प्रचंड उष्णता सोसतात आणि त्यांचा घर्षणगुणांकही वरचा असतो, पण पकडताना 'लागला' आणि 'सुटला' या दोन अवस्थांच्या मध्ये पायाला जवळजवळ जागाच ठेवत नाहीत. लोहप्रधान भाजीव अस्तर तर फ्लायव्हीलचा पृष्ठभाग चांगलाच खाते आणि ते निव्वळ शर्यतीसाठीच समजावे.

पकडीचा स्वभाव केवळ अस्तरावर ठरत नाही. चांगल्या रस्त्यावरच्या प्लेटमध्ये दोन्ही बाजूंच्या अस्तरांच्या मध्ये लाटांसारखी वळवलेली पातळ पोलादी पाने असतात. पेडल सोडताना ती हळूहळू सपाट होतात आणि दाब क्रमाने वाढत जातो. त्याचप्रमाणे प्लेटच्या मध्यभागी चार-सहा छोट्या कॉइल स्प्रिंगा बसवलेल्या दिसतात, त्या इंजिनाच्या प्रत्येक स्फोटाबरोबर येणारी पिळाची धडधड गिअरबॉक्सपर्यंत पोहोचण्यापूर्वी शोषून घेतात. चार किंवा सहा ठोकळ्यांच्या शर्यतीच्या प्लेटमधून ही लाटदार पाने आणि पुष्कळदा मधल्या स्प्रिंगाही वगळलेल्या असतात. अशी प्लेट हलकी असल्याने उच्च फेऱ्यांवर गिअर चटकन पडतात हे खरे, पण निष्क्रिय अवस्थेत गिअरबॉक्स खडखडतो आणि दातांवर येणारे धक्के वाढतात. ज्यांना सिरॅमिकची उष्णतासहता हवी पण गाडी नंबरप्लेट लावून रस्त्यावरही चालवायची आहे, त्यांनी निदान मधल्या स्प्रिंगा असलेली सहा ठोकळ्यांची प्लेट मागावी. चार ठोकळ्यांची, स्प्रिंगविरहित प्लेट मागू नये.

येथे 'स्टेज' या शब्दाचा समाचार घेणे आवश्यक आहे. स्टेज एक, स्टेज दोन, स्टेज तीन अशी वर्गवारी जाहिरातींत सर्वत्र आढळते, पण ती कोणत्याही मानक संस्थेने ठरवलेली नाही आणि एका निर्मात्याचा दुसरा टप्पा दुसऱ्याच्या तिसऱ्याइतका कडक असू शकतो. ग्राहकाने स्टेजचा क्रमांक न विचारता न्यूटन-मीटरमध्ये क्षमता, अस्तराचा प्रकार, मधल्या स्प्रिंगांचे असणे-नसणे आणि मूळ प्रेशर प्लेटच्या तुलनेत दाब किती टक्के अधिक आहे, हे विचारावे. ही चार उत्तरे देऊ न शकणाऱ्या विक्रेत्याकडून क्लच घेऊ नये.

क्लचचे आयुष्य टॉर्कपेक्षाही सुरुवात करण्याच्या पद्धतीवर अधिक अवलंबून असते, आणि यामागचे भौतिकशास्त्र फारसे ठाऊक नसते. इंजिनाच्या फेऱ्या स्थिर ठेवून सपाट रस्त्यावर गाडी जागची उचलली, तर क्लच पूर्ण पकडेपर्यंत गाडीला जेवढी गतिज ऊर्जा मिळते, जवळपास तेवढीच ऊर्जा उष्णतेच्या रूपाने क्लचमध्ये जाते. चालकासह सुमारे एक हजार किलो वजनाची एमएक्स-५ पहिल्या गिअरमध्ये २,००० फेऱ्यांना ताशी सुमारे १६ किलोमीटर जाते. त्या फेऱ्यांवर केलेली सुरुवात क्लचला साधारण १० किलोज्यूल उष्णता देते. तीच सुरुवात ४,००० फेऱ्यांवर केली तर वेग दुप्पट आणि उष्णता चौपट, म्हणजे ४० किलोज्यूल. चढावर किंवा हाफ क्लचवर, म्हणजे पेडल अर्धवट दाबून गाडी तोलून धरण्याच्या सवयीत, ही उष्णता गाडी इंचभरही पुढे न सरकता तयार होत राहते. खंडाळ्याच्या घाटातल्या कोंडीत किंवा मुंबई-पुण्याच्या संध्याकाळच्या रहदारीत चालणाऱ्या गाडीच्या क्लचवर शर्यतीच्या मैदानात पळणाऱ्या गाडीपेक्षा वेगळ्याच प्रकारचा, आणि काही अंशी अधिक चिवट, ताण येतो : मैदानावर क्लच क्षणभर घसरतो, कोंडीत तो सतत घसरतो. त्यामुळे भारतातल्या शहरात राहणाऱ्या मालकाने परदेशी मैदानावरच्या अनुभवांवरून क्लच निवडणे बहुधा चुकीचे ठरते. अशा वापराला चांगले ऑरगॅनिक अस्तर, मूळच्यापेक्षा फार तर वीस-तीस टक्के अधिक दाब आणि जड फ्लायव्हील हाच मेळ मानवतो.

फ्लायव्हील येथे का यावे, तर ते उष्णतेची कोठीही असते. वरच्या ४० किलोज्यूलांपैकी निम्मी उष्णता त्यात गेली असे धरले, तर आठ किलोच्या लोखंडी फ्लायव्हीलचे सरासरी तापमान एका सुरुवातीत पाच-साडेपाच अंशांनी वाढते, आणि चार किलोच्या पोलादी फ्लायव्हीलचे सुमारे अकरा अंशांनी. घर्षणाचा पृष्ठभाग तर त्या क्षणी याहून कितीतरी अधिक तापतो. हलके फ्लायव्हील बसवले की ॲक्सिलरेटरला इंजिन चपळाईने प्रतिसाद देते आणि गिअर खाली उतरवताना फेऱ्या जुळवणे सुखाचे होते, ही वस्तुस्थिती आहे. परंतु सुरुवात करताना साठलेली गती कमी असल्याने इंजिन बंद पडण्याचा कल वाढतो आणि चालक अधिक फेऱ्यांवर अधिक घसरवत गाडी उचलू लागतो. म्हणजे ज्या क्लचला वाचवायचे, त्यालाच तो जाळतो.

पुष्कळ आधुनिक गाड्यांत दुहेरी वस्तुमानाचे फ्लायव्हील असते : दोन चकत्या, मध्ये स्प्रिंगा, आणि त्यांच्या सापेक्ष हालचालीत इंजिनाची धडधड विरून जाते. जर्मनीच्या लुक या कंपनीने १९८५ साली अशा फ्लायव्हीलचे घाऊक उत्पादन सुरू केले. पोर्शेने ९११ च्या ९६४ या पिढीत ते आणले, तेव्हा पहिल्या आवृत्तीतील रबरी डॅम्पर टिकला नाही आणि नंतर स्प्रिंगांचे फ्लायव्हील आले. त्याच पिढीच्या आरएस या शर्यतप्रवण आवृत्तीत मात्र एकसंध हलके फ्लायव्हील होते आणि निष्क्रिय फेऱ्यांवर इंजिन बंद पडण्याचा तिचा स्वभाव आजही मालकांत चर्चिला जातो. दुहेरी फ्लायव्हील साधारणतः ग्राइंड करून घेता येत नाही. दोन चकत्यांमधली फिरती मोकळीक व डुलणे निर्मात्याच्या मर्यादेत आहे का, हे मोजून ते ठेवायचे किंवा बदलायचे. पैसे वाचवण्यासाठी त्याच्या जागी एकसंध फ्लायव्हील बसवायचे झाल्यास मधल्या स्प्रिंगा असलेलीच प्लेट घ्यावी, कारण दुहेरी फ्लायव्हीलसोबतच्या मूळ प्लेटमध्ये त्या बहुधा नसतात. आणि गिअरबॉक्सचा खडखडाट स्वीकारण्याची तयारी ठेवावी. एकसंध लोखंडी फ्लायव्हीलवर निळे डाग दिसले तर ती तापून कडक झालेली ठिकाणे असतात व ती ग्राइंडिंगनंतरही थरथर निर्माण करू शकतात. केंद्राकडून कडेकडे गेलेल्या खोल भेगा दिसल्या तर ते भंगारात टाकावे. काटकसर करण्याची ही जागा नव्हे, कारण ७,००० फेऱ्यांवर फुटलेले फ्लायव्हील गिअरबॉक्सचे कवच आणि गाडीचा तळ फोडून चालकाच्या पायांपर्यंत येऊ शकते. शर्यतीसाठी गाडी वापरणाऱ्याने अमेरिकेतील एसएफआय या सुरक्षामानक संस्थेचे प्रमाणन असलेले पोलादी फ्लायव्हील घ्यावे, हे याच कारणाने सांगितले जाते.

मूळ निर्मात्याचा भाग तोच सर्वोत्तम, हा सल्ला बहुतांशी योग्य असला तरी त्याला अपवाद आहेत. १९७८ ते १९८३ या काळातील ९११ एससीमध्ये मधल्या स्प्रिंगांऐवजी रबरी केंद्राची क्लच प्लेट होती; ते रबर कालांतराने तुटून त्याचे तुकडे क्लचमध्ये अडकत, म्हणून त्या गाड्यांना आज स्प्रिंगांच्या केंद्राचीच प्लेट बसवली जाते. जुनी गाडी 'कारखान्यातून निघाली तशी' ठेवण्याच्या हट्टापायी अशा ठिकाणी अस्सलतेचा आग्रह धरणे निरर्थक आहे. बाकी, मूळ गाडीच्या क्षमतेचा क्लच हवा असेल तर गाडीच्या कंपनीचा शिक्का असलेले खोके घेतलेच पाहिजे असे नाही, कारण आतला भाग अनेकदा लुक, साक्स, व्हॅलिओ किंवा जपानच्या एक्झेडीचाच असतो आणि त्या कंपन्या तो स्वतःच्या नावानेही विकतात. एक्झेडीच्या भारतीय कंपनीचा एक कारखाना तर औरंगाबादेतच, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, आहे. प्रतिष्ठित नावाची नक्कल विपुल असल्याने खोक्याच्या किमतीत संशयास्पद स्वस्ताई दिसली तर तो भाग टाळावा. आपल्याकडे ट्रक व टॅक्सीच्या क्लच प्लेटचे जुने अस्तर काढून नवे रिव्हेट करून देणारे कारागीर गावोगावी मिळतात आणि मंद फिरणाऱ्या डिझेल इंजिनासाठी त्यांची कामगिरी वाखाणण्याजोगी असते. पण अस्तर फाटून फेकले जाण्याचा धोका फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे स्पोर्ट्स कारच्या प्लेटला ती वाट दाखवू नये.

गिअरबॉक्स एकदा उतरल्यावर प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि इनपुट शाफ्टचे टोक पेलणारे पायलट बेअरिंग ही चौकडी एकत्रच बदलावी, सोबत मागचे ऑइल सीलही. स्लेव्ह सिलिंडर इनपुट शाफ्टभोवती, गिअरबॉक्सच्या कवचाच्या आत बसलेला असेल तर तोही बदलावा, कारण पुढे तो गळला तर सारी मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागेल. काही गाड्यांच्या, उदाहरणार्थ बीएमडब्ल्यूच्या ई४६ पिढीच्या मॅन्युअल आवृत्त्यांच्या, हायड्रॉलिक नळीत तेलाचा परतीचा प्रवाह मंदावणारी एक झडप असते. नवख्याने पेडल धाडकन सोडले तरी क्लच हळूच पकडावा, हा तिचा हेतू. पण जलद गिअर बदलताना तीच झडप क्लचला अकारण घसरत ठेवते, तेव्हा अधिक क्षमतेचा क्लच विकत घेण्याआधी ती काढून पाहण्याचा विचार करावा.

निवडीच्या शेवटी एक विवेक राखावा लागतो तो दुबळ्या दुव्याचा. क्लच हा घरातल्या फ्यूजसारखा असतो. त्याने घसरून सोडलेला धक्का पुढे गिअरबॉक्सच्या दातांना आणि चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टांना बसत नाही. एमएक्स-५ चा पाच गिअरचा गिअरबॉक्स टर्बोच्या टॉर्कपुढे टिकत नाही, हे त्या गाडीच्या जाणकारांना चांगले ठाऊक आहे, आणि त्याच्यापुढे चौपट ताकदीचा, झटक्याने पकडणारा क्लच बसवला तर तुटण्याची जागा फक्त बदलते, तीही अधिक महागड्या ठिकाणी.

बसवताना प्रेशर प्लेटवरचे गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने पुसून काढावे, खाचांवर ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवावा, प्लेटची 'फ्लायव्हीलकडील बाजू' अशी खूण पाहून ती मध्यावर आणणाऱ्या दांड्याने बसवावी, आणि बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने थोडेथोडे आवळावेत. गिअरबॉक्स चढवताना त्याचे वजन क्षणभरही प्लेटवर लोंबकळू देऊ नये; तेवढ्याने प्लेट वाकते आणि नवा क्लच पहिल्या दिवसापासून पुरता सुटत नाही. अधिक दाबाच्या प्रेशर प्लेटसोबत पेडलाखाली टेकू बसवणेही हिताचे, म्हणजे डायफ्राम स्प्रिंग गरजेपेक्षा अधिक वाकत नाही. त्यानंतरचे सुमारे आठशे किलोमीटर शहरातल्या साध्या चालवण्यात, वारंवार हळुवार गिअर बदलत घालवावेत. महामार्गावर एकाच गिअरमध्ये काटलेले किलोमीटर या हिशेबात धरू नयेत, कारण अस्तर बसते ते पकडण्याच्या क्रियेत. क्लचचे तेल स्वतंत्र टाकीत असेल तर ती काठोकाठ भरू नये : अस्तर झिजत जाईल तशा डायफ्रामच्या पाकळ्या मागे सरकून स्लेव्ह सिलिंडरमधले तेल टाकीकडे परत ढकलतात, त्यामुळे पातळी काही महिन्यांत किंचित चढलेली दिसणे स्वाभाविक असते, आणि उतरलेली दिसली तर गळती शोधावी.